वाडी खयची?

आजी पहिल्यांदा दिल्लीला आली ती १९७६च्या दिवाळीनंतर. सोबत एक पत्र्याची ट्रंक, गोणपाटात गुंडाळलेला कोंब फुटलेला नारळ आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं तीन-चार शेर जाडं मीठ. लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या स्वयंपाकघरात ती पाटावर टेकली आणि आईने आमटीत घालायला डब्यातलं बारीक मीठ काढलं. आजीने त्यातली चिमूट जिभेवर ठेवली, जरा वेळ थांबली आणि म्हणाली, "ह्या मीठ न्हय गो, हो खडूचो भुगो." मग फडकं सोडलं. आतले खडे करड्या रंगाचे होते, कुठे मातीची रेघ, कुठे काचेसारखी चकाकी. मी एक तोंडात टाकला. पहिल्यांदा खारट लागला, मागाहून किंचित कडसर. शिरोड्याच्या मिठागरातलं ते मीठ होतं.

पुढच्या बारा-तेरा वर्षांत ती पाच-सहा वेळा आमच्याकडे येऊन राहिली. गावाबद्दल मला जे काही ठाऊक आहे त्यातलं बरंचसं तिच्या तोंडून दिल्लीच्या थंडीत, बाहेरच्या हिरवळीवर उन्हात बसून ऐकलेलं आहे. समुद्र तिच्या बोलण्यात आधी आला, डोळ्यांपुढे नंतर.

आमच्या वसाहतीत पत्ता म्हणजे ब्लॉकचं अक्षर आणि क्वार्टरचा आकडा. बंगाली, पंजाबी, तमिळ, गढवाली, सगळे त्या आकड्यांनी ओळखले जायचे. आजीला ते पटेना. शेजारची कुणी बाई भेटली की ती पहिलं विचारायची, "तुमचो गाव खयचो?" बाबा हिंदीत सांगायचे. उत्तर आलं की लगेच दुसरा प्रश्न, "आणि वाडी?" इथे बाबा अडायचे. वाडीला हिंदीत काय म्हणणार? मोहल्ला म्हटलं तर शहर डोळ्यांपुढे येतं, टोला म्हटलं तर पंजाबी बाईला कळत नाही. आजी मात्र त्या उत्तराशिवाय ओळख पुरी झाली असं मानायची नाही. गाव सांगितल्यानं माणूस कुठून आला ते कळतं, वाडी सांगितली की तो कोणाचा ते कळतं, असा तिचा हिशेब.

लक्ष्मीबाई कोण, हे तिने पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं. बाबांनी सांगितलं, झाशीची राणी. शिवाय सांगितलं की तिच्या सासरचं नेवाळकर घराणं मूळ लांज्याकडच्या कोट गावचं, म्हणजे कोकणातलंच. "मगे ती आमचीच सून," आजी म्हणाली, आणि त्यानंतर या वसाहतीत तिला परकं वाटल्याचं मी कधी पाहिलं नाही.

शिरोडा हे वेंगुर्ले तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. तेव्हा जिल्हा रत्नागिरी. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ला झाला आणि आजीने शेवटपर्यंत त्याचं नाव घेतलं नाही. वेंगुर्ल्याहून दक्षिणेला निघालं की मोचेमाड, आरवली, मग शिरोडा, पुढे रेडी आणि शेवटी तेरेखोल. ग्रामपंचायतीच्या दप्तरात शिरोडा एकच असेल, पण चालणाऱ्याला ते एक गाव म्हणून दिसत नाही. समुद्राच्या कडेला वेळागरची पांढरी वाळू आणि सुरूचं बन, मागे माडांच्या बागा. केरवाडीकडे गेलात तर जाळी वाळत घातलेली आणि सुक्या बांगड्याचा वास. आत बाजारपेठ, शाळा, माउलीचं देऊळ. खाडीचं पाणी जिथवर शिरतं तिथे मिठागरं. त्याच्या वर भातमळे आणि सगळ्यात वर जांभ्या दगडाचा सडा, काजू-आंब्यांनी भरलेला. दोन वाड्यांमध्ये कधी व्हाळ, कधी दगडी गडगा, कधी नुसती पायवाट. व्हाळ ओलांडला की हाका मारायची पद्धतसुद्धा थोडी बदलते असं आजी सांगायची, आणि ते खरं असल्याचं मी नंतर स्वतः ऐकलं. आमचं घर मिठागरांच्या कडेला. म्हणून कुणी विचारलं की ती वाडीचं नाव घेण्याआधी म्हणायची, "मिठागराकडची."

गावाची हद्द कुठे संपते हे तिला तलाठ्याच्या नकाशावरून माहीत नव्हतं. ती देवावरून सांगायची. शेजारच्या आरवलीचा वेतोबा रात्री आपल्या शिवेवरून फिरतो, लोकांची राखण करतो. फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून माणसं नवस फेडायला त्याला चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात, केळ्यांचे घड वाहतात. देवळात त्या चपलांची रांग पाहिली की छाती दडपते. एकेक चप्पल माणसाच्या हाताएवढी लांब. पूर्वी ही मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. आरवलीतल्या जुन्या घरांत फणसाचं लाकूड वापरत नाहीत ते यामुळे, असं आजी सांगे. जयवंत दळवींनी ज्या गावावर आणि माणसांवर इतकं लिहिलं ते हेच आरवली. दळवी वाचताना मला नेहमी वाटतं की त्यांनाही असं कुणीतरी उन्हात बसून सांगितलं असणार. दिल्लीत पहिल्या हिवाळ्यात चौकीदार रात्री काठी आपटत, शिट्टी फुंकत फिरायचा. आजी झोपेतून उठून बसली. आईने सांगितलं, राखणदार आहे. आजीने हात जोडले आणि पुन्हा पडली. सकाळी तिने चौकीदाराच्या पायांकडे पाहिलं. कापडी बूट अंगठ्यापाशी फाटलेले होते. तिने बाबांना त्याच दिवशी बाजारात पाठवलं आणि नवे बूट आणवले.

तिच्या लहानपणी या एवढ्याशा टापूत तीन राज्यं होती. वेंगुर्लं सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेलं १८१२ साली, रेडीचा किल्ला १८१९ला. त्यामुळे समुद्रकाठची ही पट्टी इंग्रजी मुलूख. तिथून पूर्वेला आजगावच्या वाटेला लागलं की सावंतवाडी संस्थान. दक्षिणेला तेरेखोलच्या खाडीपलीकडे पेडणे महाल, म्हणजे पोर्तुगीज. पेडणेसुद्धा मूळ सावंतवाडीचंच, १७८८मध्ये कायमचं पोर्तुगीजांकडे गेलेलं. आणि त्याहून चमत्कारिक म्हणजे तेरेखोलचा किल्ला: खाडीच्या अलीकडे, आमच्याच बाजूला, पण १७४६पासून पोर्तुगीजांचा. आज तो गोव्यात मोडतो. सकाळी पेज जेवून निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत तीन झेंडे पाहून घरी येई. भाषा तिन्हीकडे तीच, जत्रा त्याच, सोयरिकी एकमेकांत. फरक पडायचा तो एका गोष्टीत, मिठात.

समुद्राच्या पाण्यावर ऊन पडतं आणि मीठ होतं. त्यात कुणाची मेहरबानी नाही. पण इंग्रजांनी त्यावर कर बसवला आणि तो वसूल होण्यासाठी मिठाचा एकेक खडा मोजायचं ठरवलं. पलीकडे गोव्यात मीठ स्वस्त राहिलं तर ते खाडीतून अलीकडे येणारच. म्हणून १८७८मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीजांशी तह केला आणि गोव्याच्या मिठागरांवरही आपला ताबा बसवला. तो तह १८९२ साली संपला, पण तेवढ्या वर्षांत खाडीच्या दोन्ही काठांचं मीठ एकाच हिशेबाच्या वहीत गेलं. १८८२च्या मीठ कायद्याने पुढचं सगळं पक्कं केलं. आगरात काम करणाऱ्याने आपण पिकवलेलं मूठभर मीठ घरी नेलं तरी तो चोर.

मीठ कसं पिकतं ते आजी हातांनी दाखवायची. हिरवळीवरची धूळ सारखी करायची, बोटाने चौकोन आखायची. पावसाळा संपला की वाफ्यांमधला गाळ उपसायचा, बांध लिंपायचे, वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा. जमीन भेगाळली की काम फुकट. मग भरतीचं पाणी आधी मोठ्या वाफ्यात घ्यायचं, तिथून मधल्यात, मधल्यातून लहानात. प्रत्येक ठिकाणी ऊन त्याला आटवतं, पाणी जड होतं. शेवटच्या वाफ्यात सकाळी साय धरल्यासारखी पातळ पापुद्री दिसते. ती मोडायची, खाली बसू द्यायची. दुपारी लांब दांड्याला आडवी फळी लावून तळाचं मीठ कडेला ओढायचं, हळू, नाहीतर चिखल वर येतो. ओल्या मिठाच्या राशी बांधावर लागायच्या आणि वळीव यायच्या आत त्यांच्यावर चुडतं पांघरायची. "एका सरीक वर्साचा काम गेला," असं ती म्हणायची तेव्हा तिची बोटं धुळीतला चौकोन पुसून टाकायची. तिच्या टाचांना भेगा होत्या. हिवाळ्यात त्या उघडायच्या आणि ती म्हणायची, आगरात घातलेले पाय आहेत, मीठ आत राहिलंय.

वर्षं ती आकड्यांनी मोजत नसे. एक होतं मिठाचं वर्ष आणि एक गोव्याचं वर्ष. "मिठाच्या वर्सा मी बारा वर्सांचा चेडू होतंय."

मिठाचं वर्ष म्हणजे १९३०. एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं आणि मे महिन्यात महाराष्ट्रातले सत्याग्रही शिरोड्याला जमले. दांडीला किनाऱ्यावरचं मीठ होतं. शिरोड्यात चालती मिठागरं होती, त्यामुळे इथे सरकारच्या पहाऱ्यातल्या मिठालाच हात घालायचा होता. घाटावरची माणसं, वकील, विद्यार्थी, खेडूत, आगरात उतरली, मीठ उचललं, लाठ्या खाल्ल्या आणि तुरुंगात गेली. पुस्तकांत एवढं सापडतं. आजीच्या गोष्टीत दुसऱ्या गोष्टी होत्या. तिला आठवत होतं की त्या माणसांना वाफ्यात चालता येत नव्हतं. तळव्यांना सवय नाही, मे महिन्याचं ऊन, पाण्यात पाय भाजायचे, ती घसरायची आणि पुन्हा उठायची. वाडीतल्या बायका आपापसात म्हणायच्या, फळी धरायची माहीत नाही, मीठ कसं ओढणार? तिच्या आईने पेजेचं मडकं काढलं आणि गडग्यावर ठेवलं. कुणी प्यायलं ते विचारलं नाही. एका घाटावरच्या पोराचा सुती पंचा मिठाच्या पाण्यात भिजून उन्हात इतका कडक झाला होता की उभा राहील. आजीला सत्याग्रहातलं सगळ्यात स्पष्ट हे आठवत होतं. आणि हे की त्या रात्री तिच्या आईने चार मुठी मीठ भाताच्या कणगीत तळाशी लपवलं. तोवर वर्षानुवर्षं मिठागराच्या कडेला राहून त्या घरात चोरीचं मीठ कधी आलं नव्हतं.

त्याच शिरोड्यात तेव्हा वि. स. खांडेकर शाळेत शिकवत होते. १९२०मध्ये ते आले आणि १९३८मध्ये कोल्हापूरला गेले. त्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या याच गावात लिहिल्या गेल्या. आजीचा थोरला भाऊ त्यांच्या हाताखाली शिकला. आजी शाळेत गेली नाही. पण १९७६मध्ये खांडेकर वारल्याची बातमी आली तेव्हा ती गावाहून निघायच्या तयारीत होती, आणि दिल्लीत आल्यावर तिने बाबांना विचारलं की तुमच्या कचेरीला मास्तरांसाठी सुट्टी दिली होती का.

दिल्लीत तिची खरी मैत्री जमली ती पिलंजीच्या अम्माशी. पिलंजी हे आमच्या वसाहतीला लागून असलेलं जुनं गाव. नवी राजधानी वसवताना आणि नंतर सरकारी वसाहती बांधताना दिल्लीभोवतीच्या कितीतरी गावांची शेतं गेली आणि घरं तेवढी लाल डोऱ्याच्या, म्हणजे गावठाणाच्या हद्दीच्या, आत उरली. अम्मा म्हशीचं दूध घालायला यायची. ओट्यावर टेकायची आणि आजीशी बोलायची, ही मालवणीत, ती हरियाणवीत. दोघींना एकमेकींचं किती कळायचं ते देव जाणे, पण "गाम" आणि "गाव" एवढं कळलं आणि तिथून गाडी सुरू झाली. तुम्ही बसलाय तिथे बाजरी व्हायची, त्या बाजूला हरभरा, असं अम्मा हात करून दाखवायची. आमच्या क्वार्टरचा आकडा तिला माहीत नव्हता. कुठल्या घरात दूध घालायचं ते तिला शेताच्या जुन्या कोपऱ्यांवरून कळायचं.

एकदा आजीने तिला फडक्यातलं मीठ दिलं. अम्माने खडा उन्हात धरला आणि एकदम बोलायला लागली. बाबा घरी होते, त्यांनी नंतर आम्हाला नीट सांगितलं. अम्माचं माहेर गुडगावकडे सुलतानपूरजवळ. तिथल्या विहिरींचं पाणी खारं, इतकं की पूर्वी लोक ते उपसून उथळ वाफ्यांत पसरायचे आणि उन्हात मीठ करायचे. तिच्या आजोबांच्या घराण्याचं तेच काम. ते मीठ वाहून न्यायला फर्रुखनगरपर्यंत रेल्वेचा फाटा काढला होता. पुढे कर वाढला, सांभर सरोवराचं मीठ आलं आणि तो धंदा बसला. आज सुलतानपूर म्हटलं की लोकांना पक्षी आठवतात. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या त्या बाईच्या घरातही मिठाचे वाफे होते हे कळल्यावर आजीने तिला विचारलं, अर्थात मालवणीत, "फळी लाकडाची काय लोखंडाची?" अम्माने दोन्ही हातांनी हवेत ओढून दाखवलं. तीच ओढ, तोच मनगटाचा झोका. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होते. ते दोन्ही हात अजून मला दिसतात.

मोठेपणी मी मिठाच्या करावर जे मिळेल ते वाचलं, त्याला कारण ते हात. तेव्हा कळलं की इंग्रजांनी मीठ अडवण्यासाठी सिंधूच्या काठापासून ओडिशाच्या सीमेपर्यंत जकातीची एक रेषा आखली होती. १८६९च्या सुमाराला ती सुमारे २,३०० मैल लांब होती आणि तिच्यावर जवळजवळ १२,००० माणसं राखणीला होती. कित्येक ठिकाणी ती जिवंत कुंपणाची होती: बाभूळ, बोर, निवडुंग, करवंद. करवंद! आमच्या सड्यावर मे महिन्यात पोरं ज्याचे पानांचे द्रोण भरतात ते करवंद तिथे माणसाला मिठापासून दूर ठेवायला लावलं होतं. ही रेषा दिल्लीजवळून जायची, पुढे आग्रा, पुढे झाशी. १८७९ साली ती रद्द झाली, कारण तोवर देशभरचं मीठ जिथे पिकतं तिथेच ताब्यात आलं होतं. म्हणजे शिरोड्यासारख्या गावात.

लक्ष्मीबाई नगराच्या शेजारी सरोजिनी नगर आहे आणि जवळच नौरोजी नगर. लहानपणी ही आमच्यासाठी बाजारांची आणि बसथांब्यांची नावं होती. दादाभाई नौरोजींनी मिठाच्या कराविरुद्ध विलायतेत आवाज उठवला होता. सरोजिनी नायडूंनी २१ मे १९३० रोजी धारासणाच्या मिठागरावरच्या सत्याग्रहाचं नेतृत्व केलं, म्हणजे शिरोड्यात लाठ्या चालल्या त्याच महिन्यात. बाबांनी हे आजीला सांगितल्यावर ती भाजीला सरोजिनी नगरला जायची तेव्हा पदर नीट डोक्यावरून घ्यायची. देवळात जाताना घ्यावा तसा.

एका रविवारी बाबा आम्हा सगळ्यांना बसने सरदार पटेल मार्गावरच्या ग्यारह मूर्तीपाशी घेऊन गेले. देवीप्रसाद रॉयचौधुरींचं ते शिल्प: पुढे काठी टेकत गांधीजी, मागे दहा जण, अंगं पुढे झुकलेली. आजी पुतळ्यांच्या बाजूने चालत गेली, पुन्हा मागे आली. सगळ्यांचे हात निरखले. मग पाय निरखले. बराच वेळ. "हे अजून आगरात पोचूक नाय," ती म्हणाली. "पाय सुके असत."

गोव्याच्या वर्षाची गोष्ट ती क्वचित सांगायची. तिची धाकटी बहीण किरणपाण्याला दिली होती. किरणपाणी पेडण्यात, तेरेखोल खाडीच्या पलीकडच्या काठावर. अलीकडचा काठ आरोंद्याचा. होडीने पाच-दहा मिनिटांचं पाणी. १५ ऑगस्ट १९५४ला सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यात शिरून तिरंगा लावला आणि ते पकडले गेले. पुढे भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली, जाणं-येणं बंद झालं. पुढची कितीतरी वर्षं बहिणी भेटल्या नाहीत. कुणाकरवी निरोप यायचा की अमुक दिवशी भरतीला काठावर ये. मग आजी आरोंद्याला चालत जायची आणि पलीकडे बहीण. चेहरा दिसत नसे. बहीण लाल लुगडं नेसून यायची, म्हणजे ओळख पटावी. दोघी उभ्या राहायच्या, ओहोटी लागली की वळायच्या. एकदा पलीकडे पांढरं दिसलं. बहिणीचा नवरा गेला होता. आजीला तिथे जाऊन तिच्या गळ्यात हात घालता आला नाही. "दर्याक कोण हद्द घालतलो?" असं ती विचारायची, आणि त्या प्रश्नाला तिला उत्तर हवं असायचं, सरकारी नोकरी करणाऱ्या मुलाकडे बघूनच ती विचारायची. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. दुसऱ्याच आठवड्यात ती होडीत बसली. पदरात काय बांधून नेलंस, मी विचारलं होतं. पाच शेर मीठ, ती म्हणाली. तिकडे मीठ नव्हतं असं नाही. पण मोकळ्या हातांनी कसं जायचं.

तिने आणलेला नारळ बाबांनी क्वार्टरच्या मागे लावला. आळं करून बुडाशी मूठभर मीठ घातलं, गावी माडाला घालतात तसं. उन्हाळा त्याने काढला, दोन झाप फुटले. पुढच्या जानेवारीतल्या थंडीने ते आधी तपकिरी झाले आणि मग गळले. आजीने तो माड उपटू दिला नाही. वाळका बुंधा दोन वर्षं तसाच होता.

१९८९च्या पावसाळ्यात ती गावीच गेली. बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडला, आम्ही इकडे-तिकडे भाड्याने राहिलो. मग मलाही केंद्र सरकारची नोकरी लागली आणि वीसेक वर्षांनी, योगायोगाने, याच वसाहतीत क्वार्टर मिळाला. ब्लॉक वेगळा, आकडा वेगळा. पिलंजी आता चार-पाच मजल्यांच्या इमारतींची दाट वस्ती आहे. समोर दिल्ली हाट आहे, मेट्रो आहे. आयएनए मार्केटमध्ये बांगडा मिळतो आणि तो घेताना शेजारच्या माणसाला मी अजून विचारते, गाव कुठलं.

मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर पहिल्याच मे महिन्यात मी गावी गेले. सकाळी दिल्लीहून निघाले आणि दुपारी पेडण्यात उतरले. गाडी किरणपाण्यावरून आली. खाडीवर आता पूल आहे. मी ड्रायव्हरला थांबवायला सांगितलं, पण पुलावर थांबता येत नाही, असं तो म्हणाला आणि मिनिटभरात आम्ही आरोंद्याच्या बाजूला होतो. दोन्ही काठ एकदम दिसले. लाल लुगडं त्या अंतरावरून ठिपक्याएवढं दिसलं असेल.

मिठागरं थोडी उरली आहेत. बांध फुटलेत, कित्येक वाफ्यांत कांदळ वाढलंय. जिथे काम चालू होतं तिथे एक तातू फळी ओढत होते, सत्तरीच्या पुढचे, कंबरेला पंचा. मी बांधावर उभी राहिले. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "तू कोणाचा गो? वाडी खयची?" मी सांगितलं. त्यांनी आजीचं नाव घेतलं, मग तिच्या आईचं. मग फळी टेकून बोलायला लागले. मुलगे मोपाला कामाला जातात. आगरात माणूस मिळत नाही. आणि मीठ विकायचं कुठे? आयोडिन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला देशभर बंदी आहे. १९९८मध्ये आली, २०००मध्ये उठली, २००६मध्ये पुन्हा लागू झाली. दुकानदार म्हणतात, पाकिटातलं द्या. मग हे जातं माडांच्या बुडात, मासे खारवायला, थोडं लोणच्याला.

या बंदीबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या गावांत आयोडिन कमी पडून गलगंड होतात, जन्मलेली मुलं मंद राहतात. त्या मुलांसाठी केलेला हा नियम आहे आणि तो हवाच. पण समुद्राचे मासे खाऊन जगणाऱ्या, स्वतःच्या दारात मीठ पिकवणाऱ्या वाडीसाठी वेगळी वाट काढता आली असती. आगराच्या कडेला आयोडिन मिसळायची साधी सोय, गावाच्या पंचायतीकडे दिली असती तरी चाललं असतं. मिठाचा कर १९४७मध्ये गेला आणि जिथे त्यासाठी लोकांनी मार खाल्ला तिथल्या पुढच्या पिढ्यांना आपलं मीठ बाजारात नेता येत नाही, हे मला सहन होत नाही. वेळागरची जमीनही १९९०च्या दशकात पर्यटन प्रकल्पासाठी संपादित झाली आणि लोक वर्षानुवर्षं तिच्यासाठी भांडत राहिले. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला १९९७मध्ये. पाहुणे येतात, सूर्यास्त बघतात, मिठागरांवरून गाडी जाते तेव्हा काचा वर असतात.

तातूंनी मला फळी धरायला दिली. मी ओढली, चिखल वर आला. त्यांनी माझ्या मनगटाला हात लावून ते थोडं खाली केलं, आणि फळी सरकली. पांढरी रेघ कडेला आली. निघताना त्यांनी एका पिशवीत मीठ दिलं, पैसे घेतले नाहीत.

ते मीठ आता माझ्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात चिनी मातीच्या बरणीत आहे. आजी असताना जून लागला की ती रोज सकाळी बरणीत बोट घालून बघायची. गावी पहिल्या सरीबरोबर मीठ पाझरायला लागतं. दिल्लीत तेव्हा लू वाहत असते आणि खडे कोरडे ठणठणीत. "सुकां असा," म्हणायची आणि झाकण लावायची. मग जुलैमध्ये कधीतरी बोट ओलं व्हायचं. ती बोट चाटायची, बाबांना हाक मारायची आणि गावी पत्र टाकायला सांगायची: इथे पाऊस आला, बांध बघून घ्या.

यंदा ८ जुलैला बोट ओलं झालं. मी तातूंच्या मुलाच्या फोनवर फोन लावला.